आरोग्य विम्याची सक्ती असावी का? टेम्पोचा विमा होता, दादाचा नव्हता

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. चार-पाच महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलो.

माझ्या थोरल्या भावाचा छोटा टेम्पो होता. सातारा ते पुणे मार्केट यार्ड, भाजीची फेरी. दिवाळी झाल्यावर एका पहाटे क्रेट चढवता चढवता तो खालीच बसला. बोलणं अडखळलं, तोंड एका बाजूला गेलं. मेंदूत रक्तस्राव. ओळखीच्या एकानं नाव सांगितलं म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर आधी ८० हजार भरून घेतले. ऑपरेशन, ११ दिवस आयसीयू, मग ९ दिवस वॉर्ड. बिल झालं ७ लाख १२ हजार. दादा वाचला, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वहिनीचं गंठण गेलं, माझी एफडी मोडली, आणि शेवटी टेम्पो विकला.

टेम्पो घ्यायला आलेल्या माणसानं कागद मागितले. वहिनीनं कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आरसी, परमिट, फिटनेस, पीयूसी आणि आठ वर्षांच्या इन्शुरन्सच्या पावत्या, ओळीनं लावलेल्या. एका वर्षाचाही खंड नाही. भरला नाही तर रस्त्यात पकडतात हे दादाला माहीत होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून भरला. स्वतःचा मेडिक्लेम कधी काढला नाही, कारण तो कुणी मागितलाच नाही.

टेम्पोखाली कुणी आलं असतं तर त्याची सोय होती. टेम्पो चालवणाऱ्याची नव्हती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सरकारनं आरोग्य विमा प्रत्येकाला सक्तीचा करावा. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलंय की देशात ३० टक्के लोक, म्हणजे ४० कोटींच्या आसपास, ना सरकारी योजनेत बसतात ना खाजगी विम्यात. दादासारखीच माणसं ती. आपलं काही होत नाही या भरवशावर जगणारी. त्यांना समजावून होणार नाही, कायदाच लागेल. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

काळीमाती:
डोंगरवाट भाऊ, दादांना लवकर आराम पडो. वाचून जीव कळवळला. पण सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे.

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात आली तेव्हा कर्जदार शेतकऱ्याला ती सक्तीचीच होती. पीककर्ज मंजूर झालं की बँक हप्ता परस्पर कापून घ्यायची. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकाला ५. आपला विमा उतरलाय हे पासबुक भरून आणल्यावर कळायचं. एका वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागला, माझं सोयाबीन शेंगेतच उगवलं. मूठभर उपटून तलाठ्याला नेऊन दाखवलं. भरपाई मिळाली शून्य. का, तर महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, पीक कापणी प्रयोगात सरासरी उत्पादन भरपाईसाठी ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर निघालं. माझं रान मंडळाच्या सरासरीत बुडालं. हप्ता माझ्या खात्यातून गेला आणि हिशेब मंडळाचा झाला.

तक्रारी एवढ्या झाल्या की २०२० च्या खरिपापासून केंद्रानं ती सक्ती काढून टाकली. मग २०२३ ला राज्यानं १ रुपयात विमा दिला, २०२५ ला तोही बंद केला. सक्ती, ऐच्छिक, १ रुपया, पुन्हा हप्ता. नऊ वर्षांत चार तऱ्हा आम्ही बघितल्या.

ज्याला हप्ता भरायला लावता, त्याला क्लेम नाकारला तर दाद कुठं मागायची हे आधी ठरवा. नुसती सक्ती म्हणजे कंपनीला घरबसल्या गिऱ्हाईक.

पिंपळपान:
डोंगरवाट, एक विचारू? तुमच्या दादांचं रेशनकार्ड कोणतं आहे?

डोंगरवाट:
पांढरं. धान्य मिळत नाही त्यावर. का हो?

पिंपळपान:
मी कोल्हापूरकडच्या एका हॉस्पिटलात विमा आणि योजना विभागात बसते, बारा वर्षं झाली. लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहायलाच हवं.

२०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आधी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. २०२३ च्या निर्णयानं कार्डाच्या रंगाची अट गेली आणि मर्यादा ५ लाखांवर गेली. मेंदूच्या शस्त्रक्रिया त्या यादीत आहेत. दादांना योजनेतल्या हॉस्पिटलात नेलं असतं तर बहुतेक सगळा खर्च त्यात बसला असता. तातडीचा रुग्ण असेल तर कागद पुरे होण्याआधी फोनवर कळवून दाखल करून घेतात, कागद मागाहून.

तुम्ही नेलंत ते हॉस्पिटल योजनेत नसणार. असतं तर दाराजवळ आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल दिसलं असतं.

तुम्हाला दोष देत नाही. पहाटे माणूस डोळ्यांसमोर कोसळल्यावर कुणी यादी बघत नाही. माझ्या टेबलासमोर आठवड्याला एक तरी घर असं येतं, डिस्चार्जच्या दिवशी. तेव्हा मला काही करता येत नाही.

डोंगरवाट:
वाचलं. थोड्या वेळानं लिहितो.

शॉपफ्लोअर:
सक्ती आपल्याकडे नवीन नाही हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. ईएसआयसी, म्हणजे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, ही सक्तीच आहे. मूळ कायदा १९४८ चा, त्याच्या मुळाशी प्रा. अडारकरांचा १९४४ चा अहवाल. स्वतंत्र भारतानं सगळ्यात आधी केलेल्या मोठ्या कामगार कायद्यांतला एक. प्रत्यक्ष सुरुवात फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कुणी विचारत नाही तुला हवंय का. आणि कापलेलं कधी खटकलं नाही, कारण बायकोचं सिझर, आईचा मोतीबिंदू, माझ्या बोटाला लागलं तेव्हाची रजा, सगळं त्यातून झालं. वय विचारलं नाही, आधीचा आजार विचारला नाही. रांग लागते, औषध कधी बाहेरून आणा म्हणतात, हे खरं. पण बिल हातात आलं नाही.

आता दुखणं सांगतो. पगाराची मर्यादा २१ हजारांची आहे, २०१७ पासून तिथंच. गेल्या वर्षी आमची पगारवाढ झाली. सगळ्यांनी पेढे वाटले. स्लिपवर आकडा २१ हजार ४०० आला आणि सहामाही संपल्यावर ईएसआयसी सुटली. लाइनवरच्या दोघांनी सुपरवायझरला विचारलं, साहेब पाचशे रुपये कमी करता येतील का. पगार कमी करून मागणारा कामगार मी पहिल्यांदा बघितला.

म्हणजे ४०० रुपयांनी आम्ही एकदम त्या ४० कोटींत जाऊन बसलो. बाजारात आम्हा नवरा-बायको, दोन मुलं आणि आई यांच्या पॉलिसीची चौकशी केली, तर आईचा हप्ता एकटीचाच आम्हा चौघांपेक्षा जास्त. माझं म्हणणं एवढंच, नवी सक्ती कशाला, ही जुनी सक्तीच वर वाढवा. ४० हजारांपर्यंत न्या. टक्क्यानं कापा, म्हणजे कमी पगाराला कमी.

काळीमाती:
हे पटलं दादा. पण तुमच्या मागं मालक आहे, सव्वातीन टक्के भरणारा. माझा मालक पाऊस.

एडिसनकर:
न्यू जर्सीहून लिहितोय. मूळचा ठाण्याचा, इथे एकोणीस वर्षं.

डोंगरवाट यांचा प्रश्न इथे पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २००६ ला सक्ती केली, त्यावरून २०१० चा देशाचा कायदा आला. २०१४ पासून प्रत्येकानं विमा घ्यायचा, नाही तर दंड. दंड वाढत वाढत २०१६ ला माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. सरकार नागरिकाला एखादी वस्तू विकत घ्यायला लावू शकतं का, यावर २०१२ ला निकाल आला, ५ विरुद्ध ४. व्यापार नियंत्रणाच्या अधिकाराखाली अशी जबरदस्ती करता येणार नाही, पण न घेणाऱ्यावर कर लावता येईल, आणि हा दंड म्हणजे करच, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. नुसत्या त्या शब्दावर कायदा टिकला.

सक्ती का लागली हे समजून घ्या. त्याच कायद्यानं कंपन्यांना बजावलं होतं की आजार आहे म्हणून कुणाला नाकारायचं नाही, जादा हप्ता लावायचा नाही. मग तरुण धडधाकट माणूस म्हणणार, आजारी पडल्यावर घेतो. विम्यात उरणार फक्त आजारी. हप्ता वाढणार, अजून काही निरोगी बाहेर पडणार, हप्ता अजून वाढणार. न्यूयॉर्कनं १९९३ मध्ये कुणालाही नाकारायचं नाही हा नियम केला आणि सक्ती केली नाही. स्वतःहून विमा घेणाऱ्यांचे हप्ते तिथं गगनाला भिडले. गणपतीची वर्गणी फक्त आरतीला येणाऱ्यांकडून घ्यायची म्हटली तर मांडवाचा खर्च कसा निघेल?

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. २०१७ च्या करकायद्यानं हा दंड शून्यावर आणला, २०१९ पासून. तेव्हा मी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं होतं की आता सगळं कोसळणार. नाही कोसळलं. कारण स्वतःहून विमा घेणाऱ्या बहुतेकांचा हप्ता सरकारी अनुदानातून बराचसा भरला जात होता. दंडाच्या भीतीनं जितके आत आले त्याहून जास्त परवडतंय म्हणून राहिले. माझं मत तिथं बदललं. न्यू जर्सीनं स्वतःची सक्ती चालू ठेवली आहे, दरवर्षी कर भरताना विमा असल्याचं कळवतो. मला ती योग्यच वाटते. पण अनुदान आधी, सक्ती नंतर, हा क्रम चुकवू नये.

परदेशी_पाखरू:
आधी झुरिकला तीन वर्षं, आता स्टुटगार्ट. दोन्हीकडे सक्ती आहे आणि दोन्ही वेगळ्या.

स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेलात की तीन महिन्यांत विमा घ्यावाच लागतो. १९९६ पासून तसा कायदा आहे, आणि त्याआधी १९९४ ला लोकांनी मतदान करून तो मंजूर केलाय. कंपन्या खाजगीच. पण मूळ विम्यात कंपनी कुणालाही नाकारू शकत नाही, त्यावर नफा काढू शकत नाही, आणि काय काय उपचार मिळणार याची यादी कायद्यानं ठरलेली, सगळ्या कंपन्यांत तीच. सव्विशीच्या पुढं एका भागात एका कंपनीचा हप्ता सगळ्यांना सारखा. माझ्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या आजी होत्या, त्यांचं आणि माझं पॅकेज एकच होतं. हप्ता एकच! शॉपफ्लोअर, तुमच्या आईचा हप्ता वाचताना मला त्या आजी आठवल्या.

स्वस्त मुळीच नाही. दर शरदात पुढच्या वर्षीचे दर जाहीर होतात तेव्हा ऑफिसात दुसरा विषय नसतो. कमी उत्पन्नवाल्यांना सरकार हप्त्यात सूट देतं.

जर्मनीत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा अधिभार, निम्मा माझा, निम्मा कंपनीचा. बायको सध्या नोकरी करत नाही, ती आणि मुलगा माझ्याच विम्यात, एक पैसा जादा नाही. हे बिस्मार्कच्या १८८३ च्या कायद्यातून वाढत आलंय. शॉपफ्लोअर म्हणतात त्या ईएसआयसीचं हे मोठं भावंडच समजा.

दोन्हीकडे नागरिकावर एक सक्ती आहे, पण कंपनीवर आणि डॉक्टरवर दहा. आपल्याकडे चर्चा फक्त पहिल्या सक्तीची होते.

पिंपळपान:
परदेशी_पाखरू, शेवटचं वाक्य माझ्या टेबलावर चिकटवून ठेवीन.

सक्ती झाली तर लोक काय विकत घेतील ते सांगते. सगळ्यात स्वस्त पॉलिसी. आता माझ्यासमोर रोज घडणारा हिशेब बघा. पॉलिसी ३ लाखांची, रूम रेंटची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. रुग्णाला ६ हजारांची खोली मिळाली, कारण त्या रात्री तीच रिकामी होती. नातेवाइकाला वाटतं, वरचे ३ हजार रोज आपण भरू. तसं नसतं. खोलीचं भाडं दुप्पट म्हणून सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचं निम्मंच मंजूर होतं. फक्त औषधं, इम्प्लांट असल्या गोष्टींना ही कात्री लागत नाही. दीड लाखाच्या बिलात साठ-सत्तर हजार घरचे. वर ग्लोव्हज, मास्क, किट यांची वेगळी यादी, 'नॉन-पेएबल' शिक्क्याची.

हे समजावून सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा बदलत जातो. मागच्या महिन्यात एक मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ताई, मी सहा वर्षं हप्ता भरलाय. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

नियम अगदीच नाहीत असं नाही. २०२४ पासून कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असा विमा नियामकाचा आदेश आहे. फरक पडलाय, पूर्वी सुई काढलेला रुग्ण संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून असायचा. एक साधी, सगळ्या कंपन्यांत सारखी पॉलिसीही आहे, आरोग्य संजीवनी, २०२० पासून. सक्ती करायचीच तर अशा एकाच पॉलिसीची करा, आणि त्यातली रूम रेंटची अट काढा.

मांडवी:
गोव्याचं थोडक्यात. इथे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या बहुतेक कुटुंबांना मिळते, तिघांपर्यंतच्या घराला अडीच लाख, मोठ्या घराला ४ लाख. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि गंभीर दुखण्याला आम्ही शेवटी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजातच जातो. सरकारी हॉस्पिटल चांगलं असलं की विमा आहे का हा प्रश्न रात्री दोन वाजता पडत नाही, एवढंच सांगायचं होतं.

काळीमाती:
मांडवीताईंनी माझ्या मनातलं लिहिलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू असं लिहिलं होतं. २०२१-२२ मध्ये, तेही कोविड धरून, तो १.८४ टक्के होता. माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असला पाहिजे, ही सक्ती सरकारनं आधी स्वतःवर करावी.

एडिसनकर:
काळीमाती, मुद्दा मान्य. पण ग्रामीण रुग्णालय सुधारायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर कोसळणाऱ्या माणसाचं काय? मी दोन्ही बरोबर चालावं म्हणतोय.

काळीमाती:
तोवरचं उत्तर फुले योजना. पिंपळपान ताई म्हणतात तशी ती सगळ्यांना आहे. मग सक्ती हॉस्पिटलांवर करा ना. अमुक खाटांच्या वरच्या प्रत्येक हॉस्पिटलनं योजनेत यायचंच. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायची सक्ती आहेच, २००६ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं. तशीच ही.

पिंपळपान:
हॉस्पिटलची बाजूही सांगते, कारण पगार तिथूनच घेते. योजनेचे दर कमी आहेत आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. लहान हॉस्पिटलं त्यामुळं मागे सरतात. दर सुधारले, वेळेवर दिले, तर बरीचशी सक्तीशिवाय येतील.

सोनचाफा:
धागा पहिल्यापासून वाचतेय. मत नाही, प्रश्न आहे. आई ७१ वर्षांची, बीपी आणि शुगर. मेडिक्लेमचा हप्ता पेलवत नाही, सोडून द्यावा का?

पिंपळपान:
ताई, लगेच सोडू नका. आधी दोन गोष्टी करा. एक, ७० वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वेगळं कार्ड मिळतं, ५ लाखांचं, उत्पन्न विचारत नाहीत. आधार घेऊन जा. खाजगी मेडिक्लेम असला तरी मिळतं. दोन, हप्ता कितीनं वाढलाय ते बघा. ज्येष्ठांना वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढ नियामकाशी बोलल्याशिवाय लावता येत नाही, जानेवारी २०२५ चा आदेश आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तो पावतीत अजून लावलेला नाही ना ते तपासा. पॉलिसीला पाच वर्षं झाली असतील तर आजार लपवला म्हणून क्लेम सहसा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तेवढी जुनी पॉलिसी सोडणं महागात पडतं.

डोंगरवाट:
तीन दिवसांनी येतोय, माफ करा.

पिंपळपान ताईंचं वाचल्यावर पहिल्या रात्री झोप लागली नाही. ५ लाखांचं संरक्षण असताना मी टेम्पो विकायला लावला, हेच डोक्यात. दादाला सांगायचं की नाही ठरत नव्हतं. काल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं हे त्यांनी त्या पहाटे आपल्याला सांगायला हवं होतं.

मंडळी, मला आता पहिली सक्ती ही हवी आहे. जे हॉस्पिटल योजनेत नाही, त्यानं डिपॉझिट घ्यायच्या आधी नातेवाइकाला तसं तोंडी सांगायचं, जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कोणतं ते लिहून द्यायचं आणि त्यावर सही घ्यायची. याला पैसा लागत नाही, दहा-पंधरा वर्षंही लागत नाहीत. विमा विकत घ्यायची सक्ती करावी असं मला अजूनही वाटतं, पण शॉपफ्लोअर म्हणतात तशी, टक्क्यानं कापून, आणि कुणाला नाकारायचं नाही या अटीवर. काळीमाती भाऊ, तुमच्या पासबुकातून परस्पर कापलेल्या पैशाबद्दल मी आधी विचारच केला नव्हता.

काल सेवा केंद्रात जाऊन घरातल्या सातही जणांची योजनेची कार्डं काढायला दिली. दादाचा डावा अंगठा उमटेना, उजव्यावर काम झालं.

काळीमाती:
भाऊ, कार्डाला कागद काय काय लागले? इथे उद्या आठवडी बाजार आहे, घरचे सगळे तालुक्याला येतील.

डोंगरवाट:
प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड. आधारला जोडलेला मोबाइल बरोबर न्या, ओटीपी येतो. लहान मुलांनाही न्या, आणि रेशनकार्डावर सगळ्यांची नावं चढलीत का ते आजच बघा. आमच्या धाकट्या पुतणीचं नव्हतं, त्यात एक दिवस गेला. अडलं तर १५५३८८ वर फोन लावा, मला लागला.